पोनीला पावसाळी हिरवं गवत सोसत नाही, चराई कशी आखावी? (घोडबंदर रोड, ठाणे)

येऊरपायथा: मदत हवी आहे. येऊरच्या पायथ्याशी अर्धा एकर कुंपणबंद जागा आहे. पोनी घोडी, वजन अंदाजे 220 किलो, मानेवरची चरबी कडक. गेल्या पावसाळ्यात लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थरांची सूज) झाला होता, उपचारांनी आता चाल व्यवस्थित आहे. गवत गुडघाभर वाढलंय: हरळी, मारवेल आणि ओढ्याकडेला पॅरा गवत. दाणा बंद केलाय, गव्हाचा कोंडा रोज देते. दिवसाला तीनच तास चरायला सोडलं तर चालेल का? इंग्लंडच्या साइटवर थंडीतली पहाट टाळा असं वाचलं, ते इथे लागू होतं का?

मोतद्दार: तीन तासांवर विसंबू नका. वेळ कमी मिळाला की पोनी भराभर चरतात आणि तेवढ्यात दिवसाच्या खाण्याचा मोठा वाटा आत जातो. त्यापेक्षा वजनाने मोजा. चाऱ्यातलं पाणी वगळून उरणारा कोरडा भाग घोडीच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे तुमच्या घोडीला 3.3 किलो. पावसाळी गवतात जवळपास 80 टक्के पाणी असतं, सुक्यातही थोडं असतं, म्हणून साधारण 3 किलो सुकं आणि 3 किलो हिरवं असा हिशेब बसतो. याखाली स्वतःच्या मनाने उतरू नका, उपाशी तर अजिबात ठेवू नका. लठ्ठ पोनी उपाशी राहिली की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होतं, जिवावर बेततं.

सुकं गवत आधी तोला, मग तासभर साध्या पाण्यात भिजवा. बरीचशी साखर पाण्यात उतरते, ते पाणी ओतून द्या. आपल्या हवेत रात्रभर भिजवलेलं आंबतं. वाडा-शहापूरकडचं पावसाळ्यानंतर कापलेलं जून गवत मिळालं तर उत्तम. मात्र गाठी जमिनीपासून उंच, फळ्यांवर रचा. बुरशीचा वास आला तर ती गाठ टाकूनच द्या.

जागेसाठी: कुंपणाच्या आतून तीन-चार मीटर रुंद पट्टा सोडून झटका मशीनच्या दोन तारा ओढा, खालची 60 आणि वरची 100 सेंटीमीटरवर. घोडी या पट्ट्यातच ठेवा, तिथलं गवत लवकर संपतं. पाणी एका टोकाला, चारा दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे घोडी दिवसभर चालती राहते. पाण्यापाशी आणि फाटकापाशी मुरूम टाका, नाहीतर चिखलात खूर सडतात. खालच्या तारेला ओलं गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि घोडी आरामात तार ओलांडते, तेव्हा तारेखालचं गवत दर आठवड्याला कापा. तारांच्या आतलं, मधलं गवत शेजारच्या तबेल्याला द्या.

कुरणवाली: थंड पहाटेचा नियम रायग्राससारख्या विलायती गवतांचा. पारा पाच अंशांच्या आसपास आला की त्यांची वाढ थांबते, पण उन्हात साखर बनत राहते आणि फ्रुक्टन नावाच्या साखरेच्या रूपात साठते. ठाण्यात तशी थंडी पडत नाही. हरळी, मारवेल, पॅरा ही गवतं पानात स्टार्च साठवतात. तो दिवसभर चढतो आणि रात्री खर्ची पडतो, म्हणून सकाळ सर्वांत बरी. हिरव्याची वेळ साडेसहा ते साडेनऊ धरा, माप मात्र वजनाचंच. उजाडण्याआधी सोडू नका, येऊरला बिबट्या आहे. झडीच्या दिवसांपेक्षा उघडीप पडून कडक ऊन येतं तेव्हा जास्त जपा. गणपतीनंतर तुरे येतात, ते बी धरण्याआधी छाटा.

आता खरा धोका पॅराचा. त्यात ऑक्झलेट नावाचा घटक असतो, तो कॅल्शियम बांधून ठेवतो आणि हाडांतून कॅल्शियम निघत जातं. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, त्याने तूट आणखी वाढते. जबड्याची हाडं सुजतात, घोडी कधी या तर कधी त्या पायाने लंगडते, आणि तेही लॅमिनायटिसच समजलं जातं. पॅरा तारेपलीकडे, घोडीच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवा, कोंडा आजच बंद करा, कॅल्शियमची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

येऊरपायथा: कोंडा बंद केला. बैलाला बांधतात तसं मुसकं चालेल का?

मोतद्दार: नाही. त्याने चरणं पूर्ण बंद होतं. घोड्यांचं चराई-मुसकं वेगळं असतं: तळाला अडीच-तीन सेंटीमीटरचं भोक, पाणी पिता येतं. गवत आठ-दहा सेंटीमीटर ठेवा. लांब पातं आडवं पडतं, भोकातून आत येत नाही आणि घोडी वैतागून मुसकं घासून काढते. नाकावरचा पट्टा ओला राहिला की जखम होते, म्हणून रात्री काढा आणि तेव्हा फक्त मोजलेलं सुकं द्या.

कुरणवाली: रोज सकाळी घोट्यामागच्या दोन्ही बाजूंची नाडी बोटांनी बघा. एरवी ती जेमतेम लागते. ठणठण उडत असेल, खूर गरम असतील, वळताना अडत असेल किंवा भार मागच्या पायांवर टाकत असेल तर हिरवं लगेच बंद. जाड भुश्यावर उभी करा, चालवू नका, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.