अ‍ॅप काढलं, पण परवानगी?

अ‍ॅप फोनवरून काढलं की त्याला दिलेली आपल्या खात्याची परवानगीही संपली, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही हो. 'गूगलने साइन इन करा' दाबल्यावर आपला पासवर्ड त्या अ‍ॅपकडे जात नाही. त्याला एक टोकन, म्हणजे आपल्या खात्यातली ठरावीक माहिती उघडणारी डिजिटल किल्ली मिळते आणि ते त्यांच्या सर्व्हरवर राहतं. फोन फॉरमॅट केला तरी ते चालूच. अनेक ठिकाणी तर पासवर्ड बदलूनही रद्द होत नाही.

गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जोडलेल्या अ‍ॅप्सची यादी असते, फेसबुकला सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स आणि वेबसाइट्स'. परवा आईची यादी उघडली, तर फोटोंना फ्रेम लावणाऱ्या एका जुन्या अ‍ॅपला तिची सगळी ड्राइव्ह, म्हणजे गूगलवर साठवलेल्या फाइली, बघायची मुभा! तिला ते अ‍ॅप आठवतही नव्हतं. नुसतं नाव आणि ईमेल घेणारी एक वेळ राहू द्या. मेल, ड्राइव्ह, कॉन्टॅक्ट्स बघणारी आधी या यादीतून काढा.

मात्र ज्या साइटवर गूगलनेच लॉगिन करता, तिथे आधी वेगळा पासवर्ड लावून घ्या, नाहीतर आपल्याच खात्याबाहेर राहायची वेळ येऊ शकते. आणि आधीच नेलेला डेटा यामुळे पुसला जात नाही, त्यासाठी त्या कंपनीला वेगळं कळवावं लागतं.