मातीच्या ‘स्लॅब’ला लादी म्हणावं का?

ओलीमाती: चाक न वापरता मातीची शोभेची फुलदाणी कशी घडवायची, याची पुस्तिका मराठीत आणते आहे. ‘स्लॅब’ला सगळीकडे ‘लादी’ लिहिलं. मसुदा वाचून मैत्रीण म्हणाली, “लादी गोल वाकवायची? मोडेल की!” तिच्या डोळ्यांपुढे फरशी आली. मला म्हणायची आहे ती दोन पट्ट्यांमध्ये लाटलेली, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची, अजून वाकणारी माती. तुम्ही काय म्हणता तिला?

अनुस्वार: स्लॅबच ठेवा. हाताने काम करणारे सगळे तेच म्हणतात.

खडूफळा: पण मराठीत स्लॅब म्हणजे छत. ‘स्लॅब टाकला’ म्हटलं की सळया आणि सिमेंट दिसतं. ‘पत्रा’ घ्या. मूळ शब्द पत्र, म्हणजे पान. कापता येतो, गुंडाळता येतो.

भट्टीजवळ: पत्रा नको, तो धातूचाच वाटतो. ओलीमाती, तुमच्याकडे मुळात दोन वस्तू आहेत. नळकांड्यासारखी फुलदाणी करायची तर माती मऊ असतानाच साच्याभोवती गुंडाळावी लागते. चौकोनी करायची तर तुकडे थोडे ताठ होऊ द्यायचे, कडा ४५ अंशांत कापायच्या, ओरखडे काढून मातीचा घोळ लावायचा आणि जोडायचे. सांध्यात आतून मातीची बारीक वळी दाबायची, नाहीतर सुकताना तिथेच तडा जातो. त्या ताठ तुकड्याला लादी शोभते, मऊला नाही. मऊ माती एका कोपऱ्याला धरून उचललीत, तर नंतर सपाट केली तरी भट्टीत तो कोपरा पुन्हा वळतो. असल्या वस्तूला लादी कसं म्हणणार?

ओलीमाती: दोन शब्द लागतील हे लक्षातच आलं नव्हतं! मग मऊला काय?

शुद्धपक्ष: त्याआधी ‘फुलदाणी’ बदला. ‘दाणी’ फारसी ‘दान’वरून आलं. ‘पुष्पपात्र’ लिहा.

खडूफळा: अत्तरदाणी, पिकदाणी, मच्छरदाणी, सगळ्याच बदलायच्या का? आणि पात्रच हवं तर ‘फुलपात्र’ म्हणजे पाणी प्यायचं भांडं. लहानपणी त्यात फुलं ठेवतात असं समजून मी खरंच ठेवली होती.

शुद्धपक्ष: म्हणूनच ‘पुष्प’ म्हटलं. कुंभार हा शब्द कुंभकारापासून आला. ही कला आपलीच असताना भांड्याचं नाव उसनं कशाला?

अनुस्वार: जो शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, तो उसना राहिलेला नसतो.

भट्टीजवळ: ‘झिलई’ही अरबी-फारसीतूनच आली. ती काढलीत तर चकाकीचा लेप कशाने सांगणार?

शुद्धपक्ष: ‘चकाकीचा लेप’ तुम्हीच म्हणालात आत्ता.

ओलीमाती: फुलदाणी राहणार आहे. मऊ मातीच्या जागी सध्या ‘लाटलेली माती’ लिहिते. लांब आहे, पण चुकीचं नाही. आता पुढची अडचण, ‘लेदर हार्ड’. बोटाने दबत नाही, पण नखाने ओरखडा उठतो, ती अवस्था.

खडूफळा: चामट.

भट्टीजवळ: चामट वस्तू तुटत नाही, ही तुटते. मी ‘निबर’ म्हणतो.

अनुस्वार: निबर तर भेंडी होते.