शेवट ठाऊक असलेला चित्रपट पुन्हा का पाहावा?

शिवाजीपेठकर (प्रश्न)

दर शुक्रवारी नवे चित्रपट येत असताना, आणि न पाहिलेल्या चांगल्या चित्रपटांची यादी काही केल्या संपत नसताना, पाहिलेलाच चित्रपट पुन्हा लावून बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, असे आमच्या घरातले बहुमत आहे. मी अल्पमतात आहे आणि माझी बाजू मला घरात धड मांडता येत नाही, म्हणून येथे विचारतो.

जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझे सगळे लक्ष कोण कोणाच्या गटात आहे हे ध्यानात ठेवण्यातच गेले. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या असल्यामुळे पात्रांची दाटी आहे. मुख्यमंत्री, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री, कामगार पुढारी, पत्रकार, या सगळ्यांचा हिशेब ठेवता ठेवता चित्रपट संपून जातो. खुर्चीचे काय होणार हे एकदा कळले, की मात्र डोळे मोकळे होतात. आता मी बोलणाऱ्याकडे फारसा पाहतच नाही, ऐकणाऱ्याकडे पाहतो. निळू फुले यांच्या पत्रकार दिगू टिपणीसाला सर्व काही कळते आणि त्याच्या हाती काहीही नाही, हे त्याच्या संवादांपेक्षा इतरांचे ऐकतानाच्या त्याच्या चेहऱ्यावर अधिक दिसते. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो, ते पहिल्या वेळी मला थोडे नाटकी वाटले होते. आता ते हसू किती आधीपासून साठत आले आहे, हे जाणवते. चारच वर्षे आधी ‘सामना’ या चित्रपटात हिंदुराव होऊन सगळा पडदा व्यापणारा हाच नट येथे इतका आक्रसून कसा वावरतो, हेही मला उशिरानेच दिसले. आपल्या कोल्हापूरच्या अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री तर दर वेळी अधिक थंड आणि अधिक धूर्त वाटत जातो.

येथवर माझा युक्तिवाद ठीक आहे. अडचण अशी, की ‘श्वास’ (२००४) हाही माझ्या अत्यंत आवडीचा चित्रपट आहे, आणि तो मी पुन्हा लावू शकलेलो नाही. शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार हे आजोबांना ठाऊक आहे, आणि आता ते मलाही आधीपासूनच ठाऊक असणार. मग आवडता चित्रपट पुन्हा पाहावासा वाटलाच पाहिजे, हा माझा नियम मुळातच चुकीचा आहे का? आपला अनुभव काय आहे?

मिरजकर तिकटी

आपला नियम गंभीर चित्रपटांपुरता तपासलेला दिसतो. विनोदी चित्रपटाला तो लागू पडत नाही, कारण तेथे आपण काही नवे शोधायला बसतच नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आमच्याकडे लागतो तेव्हा सर्वांना सर्व संवाद पाठ असतात, आणि मधुमेहाच्या औषधाच्या सत्तर रुपयांचा प्रसंग जवळ येऊ लागला, की स्वयंपाकघरातली मंडळीही बाहेर येतात. गाण्याच्या बैठकीत जाणकार श्रोता समेची वाट पाहतो, ती कोठे येणार हे माहीत असूनही पाहतो, तसेच हे आहे. हशा वाक्याच्या आधीच सुरू होतो. याचे मोठे श्रेय वसंत सबनीसांच्या लेखणीला आहे, कारण नुसत्या गोंधळावर बेतलेला विनोद दुसऱ्या खेपेलाच शिळा होतो. मात्र आपले ऐकणाऱ्याकडे पाहण्याचे सूत्र येथेही वापरून पाहावे. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे बोलत असताना सुधीर जोशींच्या घरमालकाकडे पाहा. त्यांचा संशय, हिशेबीपणा आणि मोह हे तिन्ही एकाच चेहऱ्यावर आळीपाळीने येऊन जातात.

जुना मॅटिनीवाला

आपण सगळे ‘लावतो’ हे क्रियापद वापरत आहात, म्हणून थोडे लिहितो. आमच्या तरुणपणी आवडता चित्रपट पुन्हा पाहणे आपल्या हातात नव्हते. तो चित्रपटगृहात मॅटिनीला परत लागावा लागत असे. लागला की कामधाम सोडून जायचे, नाहीतर पुढे किती वर्षे वाट पाहावी लागेल याचा भरवसा नसे. त्यामुळे दोन पाहण्यांच्या मधल्या काळात माणूस वयाने वाढलेला असे आणि चित्रपट आपसूकच निराळा वाटे. आता मोबाईलवर आठवड्याच्या आत तोच चित्रपट पुन्हा पाहिला जातो, आणि त्यात चित्रपट झिजतो असे माझे स्पष्ट मत आहे. मध्ये अंतर हवे.

माझे उदाहरण ‘पिंजरा’चे (१९७२) आहे. ऐन उमेदीत पाहिला तेव्हा राम कदम यांचे संगीत, खेबूडकरांची गाणी आणि संध्याबाईंचे नृत्य यांपलीकडे काही दिसले नव्हते. २०१६ साली त्याची नवी, स्वच्छ केलेली प्रत पडद्यावर आली तेव्हा मी पुन्हा गेलो, आणि कथेने मला अस्वस्थ केले. तमाशातल्या बाईच्या नादाने आदर्श शिक्षकाचे पतन होते, असे चित्रपट सांगत राहतो. परंतु पोटावर आलेल्या फडाला गावातून हुसकावण्याची आणि त्या बाईचा भर गावात अपमान करण्याची सुरुवात गुरुजींनीच केलेली असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा खटकले. याउलट शेवटचा भाग अधिक मोठा वाटला. ज्या गुरुजींना गाव मृत समजते, त्यांच्याच खुनाच्या आरोपाखाली खुद्द गुरुजी उभे आहेत आणि गावाने उभा केलेला आदर्श मोडू नये म्हणून गप्प आहेत, हे माहीत असताना सुरुवातीचे प्रसंग पाहिले, तर गावकऱ्यांच्या प्रत्येक नमस्काराचे ओझे श्रीराम लागूंच्या खांद्यावर चढताना दिसते. म्हणजे एकाच चित्रपटाने एका बाजूने गमावले आणि दुसऱ्या बाजूने कमावले.

थोडे विषयाला धरूनच आणखी एक सांगतो. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने याच शहरात, कोल्हापुरात, ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) काढले. ते पुन्हा पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्यांच्या प्रती उरलेल्या नाहीत. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेत असे, नीट न ठेवल्यास आपोआप कुजत असे, आणि तिच्यातली चांदी काढण्यासाठी जुनी रिळे विकलीही जात. ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था पुण्याला जाण्याआधी येथे तयार झालेला ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मात्र आजही पाहता येतो. तो पाहताना गाण्यांच्या वेळी नट कसे उभे राहतात ते पाहावे. पार्श्वगायन अद्याप आले नव्हते. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे चित्रीकरण चालू असतानाच गात होते, त्यामुळे ध्वनिग्राहकापासून दूर जाण्याची सोय नव्हती. पहिल्या पाहण्यात हा संथपणा कंटाळवाणा वाटतो. कारण कळल्यावर मला तोच भाग सर्वांत रंजक वाटू लागला, अर्थात हे माझ्यासारख्या रिकामटेकड्याचे मत आहे.

नववी गल्ली

मॅटिनीवाल्या काकांचे अंतराचे म्हणणे मला पटले, पण मूळ प्रश्नातला ‘श्वास’ बाजूलाच राहिला, म्हणून लिहिते. मी तो अलीकडे दुसऱ्यांदा पाहिला आणि अपेक्षेच्या अगदी उलट घडले. पहिल्यांदा पाहताना, शस्त्रक्रियेआधी आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात, तेव्हा डॉक्टर आणि कर्मचारी यांच्याबरोबर आपलाही जीव टांगणीला लागतो. त्या धास्तीमुळे आजोबा-नातवाचा तो दिवस आपल्याला निवांतपणे भोगताच येत नाही. दुसऱ्या वेळी ते दोघे सुखरूप आहेत आणि परत येणार आहेत, हे आपल्याला माहीत असते. मग उरते ते केवळ पाहणे: मूल काय पाहते, आणि ते पाहत असताना आजोबा त्याच्याकडे कसे पाहतात. अरुण नलावडे यांनी त्या दिवसात दुःख जवळजवळ कोठेही उघडे केलेले नाही. मुलाच्या हट्टाला ते कधी चिडतात, कधी नमते घेतात, अगदी एरवीच्या आजोबांसारखे. आपण ज्या माहितीला भीत आहात, तीच माहिती आजोबांना त्या दिवसभर आहे, त्यामुळे दुसऱ्या वेळी आपण डॉक्टरांच्या बाजूने न पाहता आजोबांच्या बाजूने पाहतो. रडू येतेच, ते नाकारत नाही. एकट्याने मात्र पाहू नये.

शिवाजीपेठकर

सर्वांचे आभार. ‘पिंजरा’तील पहिल्या अपमानाचा मुद्दा माझ्या कधीच लक्षात आला नव्हता, आणि तो मला काहीसा मान्यही नाही, कारण गुरुजींचा ताठा चित्रपटाने जाणूनबुजून दाखवला आहे, तो नजरचुकीने राहिलेला नाही, यावर मॅटिनीवाल्यांशी सवडीने वाद घालायला आवडेल. ‘श्वास’बाबत नववी गल्ली यांनी सांगितलेली डॉक्टरांची आणि आजोबांची बाजू मी सकाळीच घरात वाचून दाखवली. बहुमत अजून बदललेले नाही, परंतु तो सर्वांनी मिळून पाहायचा असेल तर आपली हरकत नाही, इतपत तडजोड झाली आहे.