सागरी क्षेत्र नियोजनात मत्स्य अधिकाऱ्याचं नेमकं काम काय?

फुटाळा_काठ (नागपूर): तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात या विषयावर सेमिनार आहे. बंदर, पवनचक्क्या, जहाजमार्ग, अभयारण्य यांना समुद्रात जागा ठरवताना मत्स्य विभाग नकाशावर काय मांडतो? मासळी उतरवण्याच्या केंद्रांची आकडेवारी पुरते का?

तांडेल_नकाशे: नाही पुरत. केंद्रावरची नोंद मासळी कुठे उतरली ते सांगते, कुठे पकडली ते नाही. एआयएसचा (नौकेवरचं यंत्र आपोआप पाठवतं त्या ठिकाणाच्या संदेशांवरून काढलेला) नकाशा तर जास्त फसवतो. ज्या नौकेवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे ते यंत्र, तीच दिसते. वल्ह्याच्या होड्या आणि डोल जाळी (खुंट्यांना बांधून पाण्याच्या ओढीत ठेवलेली पिशवीसारखी जाळी) दिसत नाहीत, म्हणून किनाऱ्यालगतचं पाणी मोकळं वाटतं आणि पाइपलाइन नेमकी तिथून आखली जाते. हा मोकळा भाग भरणं हेच पहिलं काम.

मच्छीमार सोसायटीतल्या तांडेलांसोबत (होडीच्या प्रमुखांसोबत) बसून चार्टवर जाळ्याच्या प्रकाराप्रमाणे जागा आखायच्या. खोली वावांत विचारा (1 वाव म्हणजे 6 फूट), अंतर सागरी मैलांत (1.852 किमी), आणि प्रत्येक जागेपुढे महिने लिहा. डोल पाण्याच्या ओढीवर चालते, त्यामुळे उधाण (मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस) आणि भांग (लहान भरती-ओहोटीचे दिवस) वेगळे नोंदवा. नंतर काही होड्यांवर जीपीएस देऊन ताडून बघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका बंद असतात. त्या काळातल्या पाहणीवरून ‘इथे मासेमारी नाही’ म्हणणारा नकाशा स्वीकारूच नका. आणि कुणाची नेमकी जागा छापू नका, मोठ्या चौकटींत एकत्र दाखवा. एकदा गुपित फुटलं की पुढच्या बैठकीला कोणी येत नाही.

खारवट: एक भर. पट्टा बंद केला की तिथली जाळी शेजारच्या पट्ट्यात जातात, मग तिथे भांडणं आणि डिझेलचा खर्च. हा हिशोब आराखड्यातच हवा. ट्रॉलर लांब जाईल, पण डोलीला ठरावीक खोली, ओढ आणि खुंटा धरणारा तळ लागतो; ‘पर्यायी जागा देऊ’ हे उत्तर तिला लागू होत नाही. शिवाय राज्याचा अधिकार 12 सागरी मैलांपर्यंत, पुढे 200 पर्यंत केंद्राचा. त्यामुळे दोन्हीकडच्या बैठकांत मत्स्य विभाग सुरुवातीपासून हवा, हरकती मागवताना नव्हे.

पेंच_धरण: जवळचा दाखला घ्या, तोतलाडोह, पेंच राष्ट्रीय उद्यानातला जलाशय. मध्य प्रदेशाने विस्थापितांना दिलेल्या 305 मासेमारी परवान्यांचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. 1997 च्या निकालात परवाने टिकले, पण अटींसह: फोटो ओळखपत्र, बेटांवर जायचं नाही, काठावर आग पेटवायची नाही. समुद्रातल्या पट्ट्यांनाही इतक्याच स्पष्ट अटी लिहाव्या लागतात, आणि त्या कोण तपासणार तेही.