तुमच्या सायकलीचा मिस्त्री कोण? कोल्हापूरकरांचे अनुभव

सकाळी रंकाळ्यावर गिअरच्या सायकली वाढल्या, आनंद आहे. पण आमच्या गल्लीतलं सायकलचं दुकान बंद झालं आणि साध्या पंक्चरसाठी सायकल ढकलत न्यायची वेळ आली. म्हणून हा धागा. दुकानाचं नाव नको, मिस्त्रींचं काम सांगा. सुरुवात मी करते.

शिवाजी पेठ
चाकाचा आउट काढताना बघत बसावं. चाक फिरवायचं, खडू रिमच्या कडेला धरायचा. जिथं पांढरं उमटेल तिथं रिम बाहेर आलीय. तिथली उलट बाजूची तार जराशी आवळायची, या बाजूची तेवढीच सैल. जुन्या काळ्या सायकलीला पुढं ३२ तारा, मागं ४०. आमचे मिस्त्री बोटानं तार छेडून आवाजावरून ताण ओळखतात. घाई केली की म्हणतात, "ताई, आत्ता आवळून दिली तर रिम परत वाकडी हुईल."

उद्यमनगर
वडील फौंड्रीत होते. कॅरिअरला डबा, पहिल्या पाळीला सायकल. त्यांची अ‍ॅटलस अजून चालवतो. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला. मागच्या एक्सलचा कोन, म्हणजे ज्यावर छर्रे फिरतात तो भाग, झिजला तेव्हा एका नव्या शोरूमनं "भंगारात घाला" सांगितलं. मिस्त्रींनी जुना कोन रुमालात बांधून शेजारच्या लेथवर दिला. संध्याकाळी नवा हातात! ग्रीस, नवे छर्रे, आणि चाक सोडलं तर फिरतच राहिलं. हे उद्यमनगरातच होतं, लई अभिमान वाटतो.

राजारामपुरी
रविवारी पन्हाळा. वीसेक किलोमीटर, पण खरी परीक्षा वाघबीळपासून वर. उतरताना ब्रेक तापतात, म्हणून आदल्या दिवशी पॅड दाखवून घेतेच. आमच्या मिस्त्रींकडे बारीक व्हॉल्वला हवा भरायची सोय नव्हती. मी पितळी अ‍ॅडाप्टर नेऊन दिला, आता तो पंपालाच दोरीनं बांधलेला असतो. येताना गंगावेशेत धारोष्ण दूध, ते चुकवत नाही.

पंचगंगेच्या जवळून
२०१९ च्या पुरात सायकल पाण्यात होती. मिस्त्रींनी सांगितलं, वरून तेल सोडू नका, हब उघडायलाच पाहिजे. आत गाळ होता. पुसून, रॉकेलनं धुऊन, ग्रीस भरून दिली. त्या आठवड्यात दुकानासमोर चिखलातल्या सायकलींची रांग होती आणि हा माणूस अंधार पडेपर्यंत उठला नाही.

विद्यापीठ परिसर
पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधणारा मिस्त्री खरा. नाहीतर गेटपर्यंत परत हवा जाते.

कसबा बावडा
आमच्या इकडं डिस्क ब्रेकचं ऑइल बदलून देणारं कोण आहे का? मुलीची सायकल आहे, शाळा सुरू झालीय.