म्हसवडची घोंगडी ताठ आणि टोचरी लागते, खरी असेल ना?

धायरीकर
नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला गेलो होतो, तिथून वडिलांसाठी काळी घोंगडी आणली. ते मूळचे माण तालुक्यातले, लहानपणी घोंगडीवरच झोपलेले, त्यामुळे फार दिवसांपासून मागत होते. घरी आणून उघडली तर पुठ्ठ्यासारखी ताठ. हात फिरवला की टोचते, आणि खोलीभर मेंढरांचा वास. विकणारा म्हणाला हातमागाची आहे, शुद्ध लोकरीची. पैसेही बरेच घेतले. ओळखायचं कसं? मशीनला टाकली तर मऊ होईल का? आणि घोंगडीवर झोपून कंबरदुखी जाते म्हणतात, ते कितपत खरं?

फलटणची सून
मशीनला चुकूनही लावू नका! आमच्याकडे पाहुण्यांनी हौसेनं गरम पाण्यात धुतली, ती आटून बाळाच्या दुपट्याएवढी झाली. परत ताणली जात नाही.

सनगराची लेक
दादा, घोंगडी ठेवा. ताठपणा, टोचणं, वास, हे तिन्ही नव्या हातमागाच्या घोंगडीत असतंच. माझं माहेर सनगरांचं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचं. वडील आणि चुलते दोघंही खड्डामागावर, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून बसायच्या मागावर, विणायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताठपणा खळीचा. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि भरड, तिचं सूत मागावर ताणलं की तुटतं. म्हणून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, वरचं तांबूस टरफल काढायचं, भिजवून वाटायचे आणि चिकट पेज होईस्तोवर शिजवायचे. सकाळी गल्लीत लांबच लांब ताणा पसरायचा, दोन्ही टोकं खुंट्यांना ताणून बांधायची, आणि खळीत बुडवलेला मोठा कुंचा एकाच दिशेनं ओढत न्यायचा. उलटा फिरवला की सुताची लव उभी राहते आणि मग विणताना प्रत्येक दोरा शेजाऱ्यात अडकतो. आमच्याकडे हे काम आई आणि चुलती करायच्या, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. ताणा पसरलेला असला की गल्लीतली माणसं सायकल हातात धरून कडेकडेनं जायची. आभाळ आलं की खळीचं काम बंद, कारण ताणा उन्हातच वाळायला हवा. ती खळ अजून तुमच्या घोंगडीत आहे. वापरात हळूहळू झडते, पहिल्या धुण्यात बरीचशी जाते.

वास लोकरीच्या तेलकटपणाचा. त्याच तेलकटपणामुळे पावसात मेंढक्या डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन दिवसभर माळावर उभा राहू शकतो. सावलीत, वाऱ्यावर चार दिवस टाका, वास बराच कमी होईल. टोचणं कमी व्हायला मात्र वेळ लागतो. तोवर वर सुती चादर घाला.

आता ओळखायचं कसं ते. कडेला सुटलेल्या दशांमधला एक धागा काढून पेटवा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. पण लोकर शुद्ध निघाली म्हणून ती हातमागाचीच असं नाही, पानिपतच्या गिरण्यांतूनही लोकरीची ब्लँकेटं येतात. तेव्हा घोंगडी उजेडासमोर धरा. हातानं कातलेलं सूत कुठं जाड, कुठं बारीक असतं, मधूनमधून सांधा दिसतो. काळ्यातही पट्टे दिसतील, काही तपकिरीकडे झुकलेले, कारण प्रत्येक मेंढीचा काळा वेगळा. अगदी एकसारखा काळाकुट्ट रंग असेल तर ओलं पांढरं फडकं घासून बघा. मेंढीचा रंग फडक्याला लागत नाही.

कंबरदुखीचं म्हणाल तर ऊब मिळते, खाली अंथरली की अंग अवघडत नाही, एवढं मी खात्रीनं सांगेन. त्यापुढचे जे दावे विक्रेते करतात त्यावर विसंबून डॉक्टरांचं औषध बंद करू नका. घोंगडी चांगली वस्तू आहे, तिला रोग बरे करणारी म्हणून विकायची गरज नाही.

जतकर
ताईंनी दख्खनी मेंढीचं लिहिलं म्हणून सांगतो. आमच्या वाड्यावर आजोबांच्या वेळी सगळा कळप काळा होता. आता बघाल तर बहुतेक माडग्याळ जातीच्या मेंढ्या. माडग्याळचं कोकरू झपाट्यानं वाढतं, बाजारात दाम मिळतो, पण अंगावर लोकर जेमतेम. कातरणाऱ्याला आम्ही पदरचे पैसे देतो आणि लोकर बांधावर पडून राहते, कारण विकून कातरणीचा खर्चही निघत नाही. आजी जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, करायची, ते विणायचं नाही, पिंजलेल्या लोकरीचे थर चिंचोक्याच्या पाण्यानं भिजवून हातापायांनी तुडवायचे. आता घरात एकच उरलंय, तेही विरलेलं.

सनगराची लेक
जतकर दादा, अगदी खरं. एका कातरणीत एका मेंढीची जेमतेम पाव-अर्धा किलो लोकर निघते. अडीच-तीन किलोच्या घोंगडीला किती मेंढ्या लागल्या असतील बघा. आणि ती लोकर आधी काळी-पांढरी निवडायची, काटेकुसळं काढायची, पिंजायची, मग चरख्यावर कातायची. हे कातणं म्हाताऱ्या धनगरणींच्या हातात राहिलंय. लोक मला म्हणतात विणकर संपले. माझ्या चुलत्यांचा माग अजून जागेवर आहे, विणायला हातही आहेत, सूत नाही. दिवसभर कातून जे मिळतं त्यापेक्षा खुरपायला गेलं तर जास्त मिळतं, मग सुना चरख्यावर का बसतील? त्यामुळे काही जण ताणा गिरणीच्या सुताचा घेतात आणि बाणा, म्हणजे आडवं सूत, तेवढा हातानं कातलेला. मी त्यांना नावं ठेवणार नाही, पोट आहे. पण गिऱ्हाइकानं विचारलं पाहिजे की सूत कोणी कातलं, आणि त्या सुताचे पैसे दिले पाहिजेत. किंमत पाडून मागितली की पहिली कात्री कातणारीच्या मजुरीला लागते.

धायरीकर
ताई, मनापासून आभार. धागा पेटवून पाहिला, राख चुरगळली. उजेडात धरल्यावर दोन-तीन सांधे दिसले आणि तपकिरी पट्टाही. वडिलांना विचारलं तर म्हणाले, खळ नसलेली नवी घोंगडी कधी बघितली होती का तुम्ही? मुलांनाही हे सगळं वाचून दाखवलं. आता धुवायची कशी तेवढं सांगा. आणि मऊ हवी असेल तर काय मागायचं?

सनगराची लेक
पहिलं वर्ष धुऊच नका, झटका आणि उन्हात टाका. धुवायचीच तर थंड पाण्यात रिठा घालून, दाबून दाबून. पिळायची नाही. ओली घोंगडी फार जड होते, दोघांनी उचलून खाटेवर आडवी पसरा. दोरीवर टाकली तर स्वतःच्या वजनानं लोंबून वाकडी होते. ठेवताना घडीत सुका कडुनिंबाचा पाला घाला आणि मधूनमधून ऊन द्या, नाहीतर कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते.

मऊ हवी तर जावळाची मागा, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. महाग पडते आणि तयार क्वचितच मिळते. कातरणीच्या हंगामात विणकराकडे स्वतः जाऊन सांगून ठेवा, ताणा-बाणा दोन्ही हातसुताचे हवेत हे आधीच बोला, आणि थोडे पैसे आगाऊ द्या. त्या पैशातून तो लोकर धरून ठेवू शकतो.