प्रति: बायपासऐवजी स्टेम सेल करावं का?
काकांची बायपास टाळून स्टेम सेल (म्हणजे मूळ पेशी टोचून करायचे उपचार) करायचं म्हणताय, जरा थांबा हो. इथे बडोद्यात आमच्या शेजाऱ्यांनाही असंच गुळगुळीत ब्रोशर मिळालं होतं, वर लाल हृदय, खाली 'साइड इफेक्ट शून्य' आणि पॅकेजचा आकडा मात्र फोनवरच सांगणार म्हणे! बोन मॅरोच्या (हाडांतल्या मगजाच्या) मूळ पेशींनी हृदयाचा स्नायू नव्याने तयार होतो हा दावा २००१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून गाजला, पुढे त्याच टीममधले संशोधक पिएरो अन्वेर्सा यांचे ३१ पेपर मागे घ्या असं खुद्द हार्वर्डनेच २०१८ मध्ये सांगितलं. आता लॅबमध्ये वाढवलेल्या हृदयपेशींवर खरंच चांगलं काम चाललंय, पण माकडांना त्या टोचल्यावर ठोके बिघडलेले दिसलेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या नियमांप्रमाणे हृदयासाठी स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच, म्हणजे मान्यता घेतलेल्या चाचणीतच, तेही पेशंटकडून पैसे न घेता. तेव्हा आधी त्यांच्याकडे सीटीआरआय नंबर (अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) मागा, आणि तोवर बायपासची तारीख पुढे ढकलू नका.